डावीकडची तिसरी नळी

१

श्राग मास्तरांचं गॅरेज साडेआठला उघडायचं. कारण साडेआठला गस नोव्होटनी यायचा, आणि गस आल्याशिवाय दार उघडायचं नाही असा लवीनाचा नियम होता. "एकटा गाडीखाली शिरलास, ऑर्विल, तर जॅक मीच काढून घेईन," असं ती सांगून मोकळी झाली होती. पंचावन्न वर्षांच्या संसारात तिने शब्द फिरवल्याचं मास्तरांना आठवत नव्हतं. अर्थात, आपल्याला आठवत नाही म्हणजे तसं झालंच नाही असं म्हणता येतं का, हा वेगळा प्रश्न. असे वेगळे प्रश्न मास्तरांना फार पडत.

एल्म क्रीकच्या कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं होतं. पोलाद कुठे तुटतं आणि का तुटतं, हे ते फळ्यावर बिनचूक मांडून दाखवत. पण लोणच्याची बरणी उघडताना मात्र आपण झाकण उलटं तर फिरवत नाही ना, अशी शंका त्यांना येई. गसचं बरोबर उलटं. तो जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस. लेथने त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर घेतलं होतं, आणि "बाकीचे नऊ कामाला पुरतात" म्हणून त्याने तो विषय कायमचा मिटवला होता.

गॅरेजमधली गाडी त्रेपन्न सालची स्टुडबेकर होती. एकाहत्तर साली, लग्नानंतर आठच दिवसांनी, मास्तर लवीनाला तिच्यातून कोलोरॅडोच्या डोंगरावर घेऊन निघाले होते. अर्ध्या चढावर गाडी उकळली आणि त्यांना तोंड फिरवून परत यावं लागलं. लवीनाने तेव्हा त्यांना एका शब्दानेही चिडवलं नव्हतं, आणि हेच मास्तरांना इतकी वर्षं खुपत होतं. आता जुन्या सहा सिलिंडरच्या जागी आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवायचं आणि तोच डोंगर चढायचा, असा बेत होता.

खरं इंजिन अजून गसच्या शेडमध्ये होतं. मापं जुळवायला त्यांनी एक खोटं इंजिन आणलं होतं. खऱ्याच्याच आकाराचा तो प्लॅस्टिकचा पोकळ ठोकळा होता, दोघा म्हाताऱ्यांनी सहज उचलावा इतका हलका. तो चॅसीत ठेवायचा, ज्या माउंटिंगांवर इंजिन बसणार त्यांना वेल्डिंगचे टाके मारायचे आणि हेडर अडकवून बघायचे. हेडर म्हणजे इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. डावीकडे चार, उजवीकडे चार. खोट्या इंजिनाला धूर कुठला? त्याची धुराची भोकं नुसती नावाला होती. बोट घातलं की पेरावर तळ लागायचा.

सोमवारी घोळ कळला. डावीकडची तिसरी नळी स्टिअरिंगच्या दांड्याला जवळजवळ टेकत होती.

"एक सूत. इंचाचा आठवा भागच," पट्टी लावून मास्तर म्हणाले.

"सुताला काय रडतोस? हातोडा आण. नळीला एक पोचा मारू, की झाली जागा."

"पोचा नको."

"अख्ख्या कॅन्ससात पोचा नसलेला हेडर दाखव, मी टोपी खातो."

"गस, इंजिन जोरात फिरलं की डाव्या अंगाने उचललं जातं. चढावर तर जास्तच. एका सुतात ते दांड्याला घासेल. चढावर, वळणावर, आणि शेजारी लवीना!"

"बरं बाबा. उद्या टाके तोडू आणि माउंटिंग सरकवू. तुझ्या वहीत लिही, नाहीतर रात्रभर झोपणार नाहीस."

मास्तरांनी वहीत लिहिलं: सोमवार. डावी, तिसरी. एक सूत. खाली दोनदा रेघ मारली. हल्ली ते सगळंच लिहून ठेवत. गुरुवारी दहा वाजता त्यांना गावच्या दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यायची होती. त्यांचे वडील सत्याहत्तराव्या वर्षी शेतावरून परतले ते थेट दुसऱ्याच्या घरात शिरून जेवायला बसले होते. मास्तर आता शहात्तरचे होते. लवीनाने गोडीतच सांगून ठेवलं होतं, "डॉक्टर ठीक म्हणाले तर डोंगरावर जाऊ. नाहीतर किल्ल्या माझ्याकडे आणि गाडी पुतण्याला. यावर वाद नाही."

वाद नव्हताच. नुसती भीती होती.

२

मंगळवारी दार वर केलं तेव्हा आत बारीक आवाज येत होता. टिक्. टिक्. थोडं थांबून पुन्हा टिक्. शेगडी विझवल्यावर तिची जाळी वाजते तसा.

"चिमण्या. पत्र्यावर," गस म्हणाला आणि त्याने डोनटचा खोका बाकावर ठेवला.

चिमण्याच असणार. मास्तरांनी पट्टी घेतली. मग चष्मा पुसला आणि पट्टी पुन्हा लावली.

"गस, काल किती लिहिलं होतं?"

"वही तुझी. मला काय विचारतोस?"

"एक सूत लिहिलंय. इथे तीन आहेत."

गस वाकला. त्याने तिन्ही सुतं पाहिली. मग टॉर्च घेऊन माउंटिंगांचे टाके पाहिले. आठही टाके जसेच्या तसे होते. कुठे तडा नव्हता, ओरखडा नव्हता. बोल्टही घट्ट होते.

"मग काल तू पट्टी चुकीची धरलीस," तो खुशीत म्हणाला. "झालं ना काम? तीन सूत म्हणजे राजेशाही! आता टाके तोडायचेही कष्ट नकोत. तुझ्या चुकीला माझा सलाम, मास्तर."

मास्तर हसले. हसणं भागच होतं. पण काल पट्टी कशी धरली होती ते त्यांना स्पष्ट आठवत होतं. पट्टीचं टोक, त्यावरचा गंजाचा ठिपका, सगळं. हे आठवणं खरं असेल तर टाके न तोडता इंजिन सरकलं होतं, आणि ते शक्य नव्हतं. मग आठवणं खोटं असणार. दुसरा निष्कर्ष निघत नव्हता. वर्गात एखाद्या मुलाने दुसरा काढला असता तर मास्तरांनी त्याला बसवलं असतं.

दुपारी लवीनाने बीरॉक वाढले. कोबी आणि खिमा भरलेले हे पाव मास्तर एरवी चार खात, आज दीडच खाल्ला.

"काय झालं?"

"काही नाही. मी चुकीचं माप लिहिलं होतं."

"अरे वा! म्हणजे तूसुद्धा माणूसच," लवीना म्हणाली. पण तिने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

३

बुधवारी नळ्यांचे रंग बदललेले होते.

हेडर स्टेनलेस स्टीलचे, कोरे, आरशासारखे पांढरे होते. आता ठोकळ्याला जिथे नळी चिकटत होती तिथे निळी छटा आली होती. तिच्यापुढे जांभळी, मग गव्हाळ, आणि मग हळूहळू पुन्हा पांढरी. बाहेर गव्हाची कापणी चालू होती, दारातून भुशाचा वास येत होता, आणि आत हा असा गव्हाळ रंग. हा रंग मास्तरांनी चौतीस वर्षं दर सप्टेंबरला पहिल्या तासाला वर्गात दाखवला होता. पट्टी एका टोकाने तापवायची आणि म्हणायचं, "मुलांनो, पोलाद खोटं बोलत नाही. किती तापलो ते अंगावर लिहून ठेवतं."

त्यांनी नळ्या मोजल्या. सात रंगल्या होत्या. डावीकडची तिसरी कोरी होती.

"तेल असेल," गस म्हणाला. "कारखान्यात लावतात. उन्हाने पिवळं पडतं."

"निळं?"

"महाग तेल असेल."

"गस, हा निळा रंग यायला पाचशे-सहाशे अंश लागतात. एवढ्या उष्णतेत हा प्लॅस्टिकचा ठोकळा लोण्यासारखा ओघळला असता. हात लावून बघ. धड आहे."

"मग तापलं नाही. म्हणजे तेल." गसने डोनटचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "तूच सिद्ध केलंस की."

मास्तरांनी मात्र दुसरंच काही सिद्ध करून पाहायचं ठरवलं. मी स्वतःच येऊन हे केलं असेल तर? झोपेत उठलो, गॅसची ज्योत पेटवली, नळ्या एकेक करून तापवल्या आणि सगळं विसरलो! गॅसची टाकी त्यांनी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर नेऊन ठेवली. वजन वहीतल्या आकड्याइतकंच भरलं. पाच मिनिटं ते फार खुशीत होते. मग त्यांच्या मनात आलं की वहीतल्या आकड्यावर विश्वास ठेवायला वही लिहिणारा भरवशाचा हवा.

"लवीना, तुझी रविवारच्या शाळेची माती कुठे आहे? मुलं खेळतात ती."

तिने हिरव्या मातीचा डबा काढून दिला. नळी आणि दांड्यामधली फट मोजायची ही हातोडी-छिन्नीवाल्यांची जुनी युक्ती. मऊ माती भरून ठेवायची, काही हललं तर माती सांगते. मास्तरांनी पातळ पट्टीने एक गोळी त्या तीन सुतांत सरकवली. तिथे हात जाणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली लवीनाच्या तळहातावर ठेवली.

"उद्या सकाळपर्यंत देऊ नकोस. मी मागितली तरी."

"आणि मागितलीसच तर?"

"तर किती वाजता मागितली ते लिहून ठेव."

लवीनाची थट्टा ओठांपर्यंत आली होती, ती तिने गिळली. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली आणि ब्लाउजच्या आत टाकली. "इथून काढायची तुझी हिंमत व्हायला हवी," एवढंच म्हणाली.

४

"एकदाही मागितली नाहीस," गुरुवारी सकाळी लवीनाने सांगितलं. "कूसही बदलली नाहीस. घोरलास मात्र. मी जागीच होते, म्हणून सांगते."

ती जागी राहिली होती हे ऐकून मास्तरांना गलबलून आलं. पण त्यांनी फक्त किल्ली घेतली.

गॅरेजमध्ये कुंभाराच्या भट्टीजवळ यावा तसा वास होता. टिक्, टिक् चालूच होतं. गसने आज चिमण्यांचं नाव काढलं नाही. मास्तरांनी चिमट्याने माती बाहेर ओढली. ती विटेसारखी भाजून कडक झाली होती. दांड्याकडच्या अंगावर खालून वर गेलेले ओरखडे होते. डोंगर चढताना इंजिन डाव्या अंगाने उचललं जातं, अगदी तसे.

नळीकडच्या अंगावर अंगठ्याचा ठसा होता.

तो स्वच्छ, खोल आणि रुंद होता. जिथे हात जात नाही तिथे, आणि तोही इंजिनाच्या बाजूने दाबलेला.

मास्तरांनी आपला उजवा अंगठा शेजारी धरला. त्यावर कॉलेजच्या दिवसांत फुटलेल्या काचनळीचा आडवा व्रण होता. ठशात तो नव्हता. डाव्यावर व्रण नव्हता, पण डाव्याने तो ठसा निम्माच भरला. गसने आपला अर्धा अंगठा पुढे केला, मग डावा; तोही लहान पडला. मास्तर स्वयंपाकघरात धावले.

"लवीना, या लोण्यावर अंगठा दाब. दोन्ही."

"ऑर्विल, दवाखाना दहाला आहे."

"दाब ना!"

तिने दाबले. नाजूक, निमुळते ठसे उमटले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या हिरव्या विटेकडे पाहिलं आणि मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खुर्ची धरावी लागली.

"मी नाही! लवीना, मी नव्हतो! दुसरंच कुणीतरी आहे!"

"कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये!" मास्तर आनंदाने म्हणाले, आणि मग त्यांनी खिडकीतून गॅरेजकडे पाहिलं.

दवाखान्यात तरण्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच शब्द दिले. शिडी, लोणी, कावळा, टोपी, नदी. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मास्तर उजव्या हाताने लिहीत होते. डावा कोटाच्या खिशात होता आणि धीरासाठी त्या विटेला धरून होता. शेवटी बाईंनी शब्द विचारले तेव्हा त्यांनी ते सुलट सांगितले, मग मागितलेही नसताना उलट सांगितले.

"प्रोफेसर, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय," बाई म्हणाल्या. "तुमचा आजार एकच. तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवत नाही."

लवीनाने डोळे टिपले आणि कोलोरॅडोत जूनमध्ये स्वेटर लागतो का, असं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. गाडीपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खिशातली वीट अजून कोमट आहे. हाताची ऊब असेल, असं ते स्वतःला म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्याप्रमाणे स्वतःवर विश्वास ठेवायचा तर हे कारण काही टिकत नव्हतं. त्यांनी ती वीट दवाखान्याच्या कचराडब्यात टाकली.

५

शनिवारी खरं इंजिन आलं. शुक्रवारीच खोटा ठोकळा काढून कोपऱ्यात दोन जुन्या टायरांवर ठेवला होता. मास्तरांनी त्याच्यावर जुनी गोधडी घातली होती.

चेनकप्पीवरून इंजिन उतरलं ते जणू घरी आल्यासारखं. माउंटिंगांच्या भोकांशी भोकं जुळली आणि बोल्ट बोटाने आत गेले. गसने चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. एरवी एक तरी बोल्ट शिव्या खाल्ल्याशिवाय बसत नाही.

"मास्तर, तुझ्या चुकीच्या मापाचा पुतळा उभारू या चौकात."

"हातात पट्टी दे त्याच्या."

"उलटी!"

हेडर चढले. तीन सूत, नेमके. दुपारी बाराच्या सुमाराला गसने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, दोनदा दचकलं आणि मग असं गरजलं की बाकावरचे पान्हे नाचू लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लवीनाने टाळ्या वाजवल्या. मास्तर मुलासारखे उड्या मारत होते. पाच मिनिटं चालल्यावर गसने कान तिरका केला.

"मिसिंग मारतंय. एक सिलिंडर झोपलंय."

इंजिन बंद केलं. शांत झालं. झोपलेलं सिलिंडर शोधायची गसची पद्धत सोपी होती. नळ्या तापलेल्या असतानाच एकेकीवर पाणी उडवायचं. चालत्या सिलिंडरची नळी छन्न करते, झोपलेल्याची गप्प राहते. त्याने लवीनाची झाडांची पिचकारी उचलली आणि उजवीकडच्या पहिल्या नळीवर फवारा मारला.

पाणी नळीवरून ओघळून खाली टपकलं. वाफ आली नाही.

आणि मग, जरा वेळाने, कोपऱ्यातून आवाज आला. छन्न.

गस तसाच वाकून उभा राहिला. मग त्याने दुसऱ्या नळीवर पाणी मारलं. कोपऱ्यात छन्न. तिसऱ्या, चौथ्या नळीलाही तसंच. त्याने नळीवर पंजा टेकवला आणि तो तिथेच राहू दिला.

"गार आहे," तो म्हणाला. "पाच मिनिटं चाललेल्या इंजिनाची नळी, आणि गार."

"तुलाही गार लागतेय ना?" मास्तरांच्या आवाजात निम्मी भीती होती, निम्मी खुशी. "आणि छन्न? तेही ऐकलंस? कुठून आलं? नाही, थांब, मी सुचवत नाही. तूच सांग."

"त्या गोधडीखालून."

"देवा, तुझे उपकार," मास्तर म्हणाले. आयुष्यात इतक्या भलत्या गोष्टीसाठी कुणी देवाचे आभार मानले नसतील.

गस डावीकडे आला. पहिली नळी. छन्न. दुसरी. छन्न. तिसरीवर त्याने पाणी मारलं आणि दोघेही थांबले. कोपऱ्यात काहीच झालं नाही. बाहेर दूर कुठेतरी कापणीचं यंत्र चालत होतं. चौथी. छन्न.

"डावीकडची तिसरी," गस हळू आवाजात म्हणाला. "तिथे काहीतरी अडकलंय."

मास्तरांनी वहीचं एक पान फाडलं आणि त्याचे दोन तुकडे केले. भीती वाटली की त्यांना शिस्त आठवायची. "मी आधी बघतो. मग तू बघ. एकमेकांशी बोलायचं नाही. जे दिसेल ते लिहायचं, आणि मग ताडून पाहायचं. एकट्याने पाहिलेल्याला काही किंमत नसते, गस."

"तुझा शहाणपणा एक दिवस आपल्याला मारणार आहे," गस म्हणाला, पण त्याने पेन्सिल घेतली.

मास्तरांनी गोधडीचं टोक उचललं. तिच्या आतल्या बाजूला सात तपकिरी डाग भाजले गेले होते. ठोकळा मात्र धड होता, गुळगुळीत, काळा. डावीकडे पेराएवढी खोल चार भोकं. पहिलं रिकामं. दुसरं रिकामं. तिसऱ्याकडे त्यांनी पाहिलं, दोन श्वास घेईपर्यंत पाहिलं, गोधडी सोडली आणि बाकापाशी जाऊन पाठमोरं उभं राहून एक शब्द लिहिला.

मग गस गेला. त्याला यायला वेळ लागला. आला तेव्हा त्याने कॉफी ओतून घेतली, ती प्यायला नाही, आणि चिठ्ठी लिहिली.

"जेवायला या रे!" खिडकीतून लवीना ओरडली. "बीरॉक गार होतायत!"

दोघांनी चिठ्ठ्या बाकावर शेजारीशेजारी ठेवल्या. मास्तरांची होती: "अंगठा." गसची होती: "अंगठा. आणि दोन बोटं."

मास्तरांचा चेहरा पडला. जुळत नव्हतं. म्हणजे कुणीतरी चुकलं होतं, आणि चुकणारं माणूस कोण असतं हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या, पुन्हा वाचल्या. हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ते अगदी खरं होतं.

"मी चुकलो नाही, गस," ते म्हणाले. "तूही नाहीस. तू फक्त माझ्यानंतर पाहिलंस."